खळीचे पापुद्रे

"आज तू रडणारा," औलुस तुरानियुस म्हणाले आणि चिनाराच्या सावलीतून चालायला लागले.

मेनोफिलोस नेहमीप्रमाणे दोन पावलं मागून निघाला. काल तो बागवाला होता आणि त्याआधी तीन दिवस ओसरीवाला. तिबूरच्या टेकडीवरच्या त्या घरात ग्रीक तत्त्वज्ञांच्या पंथांना अशी घरगुती नावं पडली होती. सुखाला मानणारे गुरू अथेन्सला बागेत बसून शिकवायचे, म्हणून ते बागवाले. मनाला काही लागूच द्यायचं नाही म्हणणारे ओसरीत उभं राहून शिकवायचे, म्हणून ते ओसरीवाले. रडणारा हा मात्र आजच निघालेला पंथ होता.

मालक लॅटिनमध्ये संवाद लिहीत. म्हणजे ग्रीकांनी कधीच लिहून ठेवले होते तसे: दोन-चार शहाणी माणसं झाडाखाली बसतात, एक जण शंका काढतो, दुसरा उत्तर देतो आणि सावल्या लांब व्हायच्या आत कुणाची तरी समजूत पटते. मालकांना ही रीत इतकी आवडली होती की ग्रीक ग्रंथात चिनार आहे म्हणून त्यांनी अंगणात चिनार लावला, आणि तो लवकर वाढावा म्हणून त्याच्या मुळाशी वाइन ओतायची पद्धत पाडली. झाड वाढलंही झपाट्याने. आपल्याला पाणी घातलेली मिळते आणि झाडाला निर्भेळ, हे पाहून नोकरांचा दर सणाला जळफळाट व्हायचा.

झाड आलं, पण त्याखाली बसून शंका काढणारा माणूस कुठून आणायचा? मालकांचे मित्र निवडणुकांत आणि खटल्यांत अडकलेले. मग ते काम मेनोफिलोसकडे आलं. तो रोड्सचा. तरुणपणी तिथल्या एका पाठशाळेत शिकत असताना चाच्यांनी पकडला आणि विकला. बावीस वर्षं तो या घरात गुलाम होता. ग्रीक ग्रंथ मालकांना वाचून दाखवायचे, सकाळी त्यांच्याशी वाद घालायचा, दुपारी ते सांगतील ते लिहून घ्यायचं. मालक एक बाजू घेत, तो दुसरी. आणि ग्रंथात मालकांची बाजू जिंकायची असल्यामुळे मेनोफिलोस रोज हरायचा. हरणं हाच त्याचा धंदा होता म्हणा ना. त्यातही कसब होतं. लवकर हरलं तर ग्रंथ बारीक व्हायचा. फार ताणलं तर मालकांच्या कपाळावर आठ्या यायच्या आणि जेवण होईपर्यंत जायच्या नाहीत.

आणखी एक गोष्ट. ग्रंथात त्याचं नाव कधीच यायचं नाही. त्याचं बोलणं कुणातरी थोर माणसाच्या तोंडी जायचं, आणि तो माणूस मेलेला असावा लागे. जिवंत माणसं नंतर येऊन भांडतात, की मी असं बोललोच नव्हतो. एका उन्हाळ्यात मेनोफिलोसने दोन महिने सुखाची बाजू लढवली. ती ग्रंथात एका सरदाराच्या तोंडी गेली आणि सरदाराच्या मुलांनी कृतज्ञतेने नाशपातीच्या चार टोपल्या पाठवल्या. मेनोफिलोसला त्यातली एक नाशपाती मिळाली. चांगली होती.

"विषय असा," मालक म्हणाले, "शहाण्या माणसाने मेलेल्यासाठी शोक करावा का? मी म्हणतो, करू नये. तू म्हण, करावा. हं, चल."

मेनोफिलोसची थालुसा जाऊन त्या दिवशी अठरा दिवस झाले होते.

मालकांना ते ठाऊक होतं. चितेसाठी त्यांनी स्वतः सांगून बीच झाडाचं सुकं लाकूड पाठवलं होतं, हात आखडला नव्हता. पण ते लाकूड आणि आजचा विषय यांची गाठ त्यांच्या मनात पडलीच नाही. मालक दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मेनोफिलोसला सोपं गेलं असतं.

त्याने ग्रंथातला मुद्दा पुढे केला. "शोक निसर्गानेच दिला आहे मालक. पशूंनाही होतो."

"पशूंना खरूजही होते. ती काय मिरवायची? शोक म्हणजे काय? काहीतरी वाईट घडलं, हे आपलं मत. मत काढून टाक, शोक गेला."

"मत काढता येईल मालक. हाताचं काय करायचं?"

"हाताचं?"

"झोपेत कूस बदलली की हात पलीकडे जातो. हाताला मत नसतं."

"ती सवय झाली. सवय मोडते."

"मोडत असेल." मेनोफिलोस चालता चालता थांबला. पुढचं कुठल्याही ग्रंथात नव्हतं आणि बोलायचं असं त्याने ठरवलंही नव्हतं. "माझ्या घोंगडीत अजून खळीचे पापुद्रे आहेत. ती निजायच्या आधी अंथरुणात बसून बोटांवरची वाळलेली खळ नखाने खरवडायची. मी रोज ओरडायचो, टोचतात मला, अंगणात जाऊन खरवड. आता टोचतात तेव्हा बरं वाटतं. घोंगडी मी झटकलेली नाही. शहाणा असता तर झटकली असती, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणतो, ज्याला ती झटकता आली असती, त्याच्या शेजारी कधी कुणी झोपलंच नव्हतं."

मालक वळून त्याच्याकडे बघत राहिले. त्यांची स्वतःची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या वेळी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, हे ते पाहुण्यांना अधूनमधून सांगत असत.

"वा!" ते सावकाश म्हणाले. "कुणाचं आहे हे?"

मेनोफिलोसला आधी प्रश्न कळलाच नाही. मग कळला. वादात तो नेहमीच 'मी' म्हणून बोलायचा. बागवाला झाला की म्हणायचा, मला सुख हवं. ओसरीवाला झाला की म्हणायचा, मला काही नको. त्याचा स्वतःचा 'मी' वेगळा कसा ओळखू यावा? शिवाय रोमन माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते: ऐकून काळजाला भिडलं, तर ते कुठल्यातरी ग्रीकाच्या ग्रंथातलं असणार.

"रोड्सच्या एका माणसाचं आहे," तो म्हणाला.

"नाव?"

"फारसं कुणाला ठाऊक नाही मालक."

"गुंडाळी आहे आपल्याकडे?"

"एकच प्रत आहे. माझ्याकडेच आहे. पण परत द्यायची आहे."

"कधी?"

"द्राक्षांचा हंगाम संपला की."

"मग त्याआधी उतरवून घे," मालक म्हणाले. "उतरवून घेतल्याशिवाय मूळ परत करायचं नाही. एवढंही सांगावं लागतं का तुला?"

*

परत द्यायची होती हे खरंच होतं. दर दोन वर्षांनी, द्राक्षं तुडवून झाली की नोकरांना नव्या घोंगड्या मिळत, आणि नवी घेताना जुनी द्यावी लागे. जुन्यांचे तुकडे जोडून शेतावरच्या मजुरांची पांघरुणं शिवत. मालकांच्या आज्यापासूनची ही रीत. कोठाराच्या किल्ल्या फिलेमाबाईकडे होत्या. कमरेला किल्ल्यांचा झुबका आणि जिभेला धार अशी ती बाई, आणि तिच्या हिशोबी प्रत्येक घोंगडीला माणसाचा चेहरा होता.

"हंगाम संपत आला हो," तिने विहिरीपाशी मेनोफिलोसला गाठलं. "तुमची घोंगडी तयार ठेवा. झटकून आणा. गेल्या खेपेला आंतेरोसच्या घोंगडीत अर्धा पाव निघाला."

"मला नवी नको फिलेमाबाई. जुनीच राहू दे."

"तुम्हाला नवी नको, पण मला जुनी हवी ना! एक कमी भरली तर मुकादम माझ्या नावाने शंख करेल."

"उंदरांनी खाल्ली म्हणून सांगा."

"अख्खी? उंदीर होते का डुकरं?" ती हसली आणि मग एकदम हसायची थांबली, कारण त्याच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. "काय हो, एवढं तत्त्वज्ञान शिकलात आणि साधं खोटं बोलता येत नाही तुम्हाला. थालुसाला यायचं. मैद्याची बोचकी माझ्याकडून दोन म्हणून तीन न्यायची ती." बादली उचलता उचलता ती म्हणाली, "सगळ्यांच्या शेवटी घेईन तुमची. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

थालुसा ग्रंथागारात काम करायची. पपायरसचे सुटे ताव एकमेकांना जोडून तिच्या हातून गुंडाळ्या तयार व्हायच्या. उकळत्या पाण्यात चाळलेला मैदा, त्यात थेंबभर सिरका, आणि खळ बेताची गार झाली की बोटाने पातळ फासायची. तिने जोडलेला सांधा बोरूला लागायचा नाही, असं नकलनवीस सांगत. तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती. एवढं तत्त्वज्ञान तिच्या हाताखालून कोरं गेलं.

संध्याकाळी खळ खरवडता खरवडता ती विचारायची, "आज कोण जिंकलं?"

"मालक."

"आणि काल?"

"मालक."

"मग मी विचारते कशाला रोज! अहो, एकदा जिंकून बघा की."

"मी जिंकलो तर पुस्तक व्हायचं नाही."

"नको होऊ दे. मला तेवढीच खळ कमी."

कायद्याने गुलामांचं लग्न होत नाही. घरातल्या यादीत ती त्याची बायको म्हणून कुठेच नव्हती. 'ताव जोडणारी, एक' एवढीच नोंद होती, आणि आता तिथे दुसरी कुणी येणार होती. नोकरांसाठी बांधलेल्या सामायिक कबरीत एका कोनाड्यात तिच्या राखेचं मडकं ठेवलं होतं. तिथे अंधार होता आणि शेजारी तीस मडकी होती. मेनोफिलोस एकदा तिथे गेला आणि त्याला ती तिथे आहे असं वाटेना. घोंगडीत होती. पापुद्रे वेचून एका पुरचुंडीत ठेवावेत असं त्याने करून पाहिलं. चिमटीत धरले की त्यांचं पीठ व्हायचं. जिथे होते तिथेच ते राहू शकत होते, आणि तेही हंगाम संपेपर्यंत.

मालकांनी चिडून म्हटलेलं एक वाक्य तेवढं त्याच्या डोक्यातून जाईना. उतरवून घेतल्याशिवाय परत करायचं नाही.

*

आठवडाभराने मालकांनी तो भाग सांगायला घेतला. मेनोफिलोस मेणाची पाटी मांडीवर घेऊन बसला. शोकाची बाजू कुणाच्या तोंडी घालायची हे ठरलं होतं. सेक्स्तुस वेलानियुस, मालकांचे जुने स्नेही, मोठमोठी पदं भूषवून नऊ वर्षांपूर्वी वारलेले. त्यांची बायको त्यांच्या आधी गेली होती, म्हणून ते चपखल बसत होते.

"'हाताला मत नसतं, तुरानियुस,' वेलानियुस म्हणाले. घेतलंस? पुढे. 'माझ्या अंथरुणात अजून तिच्या गुलाबाच्या तेलाचा वास आहे.'"

मेनोफिलोसची लेखणी थांबली.

"काय झालं?"

"तिथे खळ होती मालक. खळीचे पापुद्रे."

"माहीत आहे मला." मालक हसले. "अरे, तो तुझा रोड्सवाला कुणी कारागीर-बिरागीर असेल. वेलानियुसची बायको! तिच्या आजोबांचा पुतळा आहे चौकात. ती कशाला बोटं खळीत बुडवेल?"

"वास उडून जातो मालक. अठरा दिवसांत जातोच. पापुद्रे टोचतात, म्हणून..."

"म्हणून काय?"

"म्हणून ते खरं वाटतं."

"खरं वाटतं, पण शोभत नाही. विचार ग्रीकांकडून घ्यावेत, हात घेऊ नयेत. लिही, गुलाबाचं तेल."

त्याने लिहिलं. मग मालकांचं उत्तर आलं, तासभर चाललेलं. त्यात आकाशातल्या ग्रहांची शिस्त होती, मुलगा गेल्याची बातमी ऐकून कामावरून न उठलेले सेनापती होते, आणि शेवटी वेलानियुस म्हणत होते, 'तुरानियुस, तू माझ्या छातीवरचा दगड उतरवलास.' मेनोफिलोसने तेही लिहिलं. बावीस वर्षांत त्याचे दगड असे बरेच उतरले होते.

*

नकला करायच्या खोलीत सहा जण ओळीने बसत. मेनोफिलोस समोर उभा राहून पाटीवरचं मोठ्याने वाचायचा आणि ते सहाही जण एकदम लिहायचे. म्हणून एका वाचनात सहा प्रती निघत. त्यातली एक मालकांची आणि पाच रोममधल्या मित्रांना जाणारी. मालक नंतर स्वतःची प्रत तपासत नसत. मेनोफिलोस वाचतो म्हणजे चूक नाही, असा घरात त्याचा लौकिक होता. बावीस वर्षांत एकही नाही.

त्या दिवशी आंतेरोस, सगळ्यांत जुना नकलनवीस, कोरी गुंडाळी उलगडून सांध्यावरून बोट फिरवत होता.

"ही थालुसाची," तो म्हणाला. "या सहाही तिच्याच. शेवटची खेप. नवीन बाईच्या सांध्यावर माझा बोरू दोनदा अडकला बघ काल, शाईचा डाग पडला."

मेनोफिलोसने वाचायला सुरुवात केली. त्याचं वाचन संथ, सारख्या लयीचं असायचं, एका ओळीमागे एक श्वास. बोरू कुरकुरत होते. 'हाताला मत नसतं, तुरानियुस,' त्याने वाचलं आणि सहा बोरूंनी ते घेतलं. पुढे पाटीवर गुलाबाचं तेल होतं. त्याने ते स्वच्छ पाहिलं.

"'माझ्या घोंगडीत'," तो म्हणाला, "'अजून तिच्या बोटांवरच्या खळीचे पापुद्रे आहेत.'"

बोरू थांबले.

सहाही जण थालुसाला ओळखत होते. तिच्याशी भांडले होते, तिने त्यांच्या डोक्यावर खळीचे हात पुसले होते. आंतेरोसने मान वर केली. मालकाच्या शब्दाला हात लावणाऱ्या गुलामाचं काय होतं, हे त्या खोलीत कुणाला सांगायला नको होतं. खाणीत पाठवलेला एक वाचक सगळ्यांना ठाऊक होता, आणि त्याने तर फक्त एक ओळ गाळली होती.

"पुन्हा सांग," आंतेरोस म्हणाला. "खळीचे...?"

"पापुद्रे."

"पापुद्रे," आंतेरोसने मान हलवली, बोरू शाईत बुडवला आणि लिहिलं. मग बाकीच्यांनीही लिहिलं. मेनोफिलोसने पुढचं सगळं, त्या सकाळी चिनाराखाली बोलला होता तसं, पाटीकडे न बघता सांगितलं. त्याचा आवाज एकदाच हलला, पण नकलनवीस आवाज लिहीत नाहीत.

*

द्राक्षांचा हंगाम संपला. दुसऱ्या दिवशी घोंगड्या वाटायच्या होत्या आणि आदल्या दुपारी मालकांनी मेजवानी ठेवली. फार नाही, चौघे-पाच जण. उन्हं कलली तशी अंजिरं आली आणि मालकांनी मेनोफिलोसला नव्या ग्रंथातलं वाचायला सांगितलं.

"वेलानियुसचं भाषण घे," ते म्हणाले. "आणि मग माझं उत्तर."

मेनोफिलोसने गुंडाळी उलगडली. त्याने मनाशी ठरवलं होतं की तोंडाने गुलाबाचं तेल म्हणायचं. गुंडाळीवर काय आहे हे ऐकणाऱ्याला थोडंच दिसतं? मालकांच्या समोर हे एकदा निभावलं की झालं. ग्रंथ रोमला जाईल, आणि वाचेल तो वाचेल.

तो त्या ओळीपर्यंत आला. तिथेच सांधा होता. अंगठ्याखाली त्याला तो जेमतेम लागला. आणि मग जन्मभर समोर आहे तेच वाचलेल्या तोंडाने समोर होतं तेच वाचलं. खळ, पापुद्रे, न झटकलेली घोंगडी, सगळं.

"थांब, थांब," आल्बियुस नावाचे एक पाहुणे म्हणाले. दुसऱ्याच्या लिखाणात खोट सापडली की त्यांना भूक लागायची. त्यांनी अंजीर उचललं. "खळ? वेलानियुसच्या बायकोच्या बोटांना? तुरानियुस, तुझ्या नकलनवीसांनी काहीतरी घोळ घातलाय."

मालक मेनोफिलोसकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. चेहरा मात्र मागचे दिवस मोजणाऱ्या माणसाचा झाला होता.

तेवढ्यात पलीकडच्या आसनावरून कुणीतरी जोरात नाक ओढलं. ते म्हातारे तितिनियुस होते. वय ऐंशी, वेलानियुसचे लंगोटीयार, जेवताना बहुतेक वेळ पेंगत असत.

"कसला घोळ?" ते ओरडले. "होती! खळ होती तिच्या हाताला! तू तेव्हा पाळण्यात होतास आल्बियुस, तुला काय ठाऊक? जुन्या वळणाची बाई ती. मधाच्या बरण्यांची तोंडं स्वतः कणकेने बंद करायची. मी पाहिलीय या डोळ्यांनी."

"पण घोंगडी..."

"घोंगडीचं त्याने मला स्वतः सांगितलंय. याच शब्दांत. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून." त्यांनी रुमालाने डोळे पुसले. तोच रुमाल तोंडाला लावला आणि मग परत डोळ्यांना. "आमच्या हिनेही... अरे, माझ्या उशाशी तिचा कंगवा आहे अजून. तीस वर्षं झाली. मी कुणाला बोललो नाही. हसाल म्हणून बोललो नाही."

कुणीच हसलं नाही. आल्बियुसने अंजीर खाली ठेवलं.

म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच ते आठवत होतं. मालकांनी हात वर केला. मेनोफिलोसला वाटलं, आता.

"पुढे वाच," मालक म्हणाले.

त्याने मालकांचं उत्तर वाचलं. ग्रहांची शिस्त, सेनापती, छातीवरचा दगड. चांगलं होतं ते उत्तर, त्याच्या मते मालकांनी लिहिलेल्यांत सगळ्यांत चांगलं. पण त्या दुपारी ते कुणी नीट ऐकलं नाही. बायको गेल्याच्या दिवसापासून कोरडे असलेले मालक स्वतःही पेल्यात बघत बसले होते.

*

सकाळी अंगणात घोंगड्यांचा ढीग लागला होता. फिलेमाबाई एकेक जुनी हातात घेऊन झटकायची, उन्हात धरून भोकं बघायची, ढिगावर टाकायची. शब्द दिल्याप्रमाणे तिने मेनोफिलोसला सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. तो घोंगडीची वळकटी काखेत धरून भिंतीशी उभा होता.

मालक नेहमीपेक्षा लवकर बाहेर आले. चिनाराकडे न जाता ते सरळ त्याच्यापाशी आले आणि वळकटीकडे बघत उभे राहिले.

"रोड्सच्या माणसाची एकच प्रत," ते म्हणाले.

"होय मालक."

"सहाही प्रतींत तसंच गेलंय?"

"सहाही."

मालक घसा खाकरून म्हणाले, "आता खोडायचं म्हणजे तितिनियुसला खोटं पाडल्यासारखं होईल. म्हातारा माणूस. राहू दे." पुढचं बोलताना त्यांनी भलतीकडे बघितलं. "तुला हवी असेल तर ठेवून घे. मी फिलेमाला सांगतो."

असं आजवर कुणासाठी झालं नव्हतं. हो म्हणावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. त्याने वळकटी जरा घट्ट धरली. आपण झोपणार, कूस बदलणार, आणि हिवाळाभरात पापुद्र्यांचं आपल्याच अंगाखाली पीठ होणार, हे त्याला दिसलं.

"नको मालक," तो म्हणाला. "उतरवून घेतलं आहे. तुम्हीच म्हणाला होतात, मग मूळ परत द्यायचं."

त्याने वळकटी फिलेमाबाईच्या हातात दिली. तिने ती उलगडली, दोन टोकं धरली आणि झटकायच्या आधी त्याच्याकडे पाहिलं.

"झटका," तो म्हणाला. "टोचतात कुणाला तरी."

तिने झटकली. पांढरे बारीक पापुद्रे उन्हात वर उडाले, तिच्या किल्ल्यांवर, ढिगावर, फरशीवर उतरायला लागले. हवेत असेपर्यंत दिसायचे आणि फरशीला लागले की दिसेनासे व्हायचे.

मालक त्याच्या शेजारी उभे होते. "आज," ते म्हणाले आणि अडखळले. मग त्यांनी बावीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "आज कुठली बाजू घेतोस?"

"जरा थांबा मालक," मेनोफिलोस पापुद्र्यांवरची नजर न काढता म्हणाला.

आणि मालक थांबले.